पुतळाला सांगायचं राहून गेलं

सीवूड्सच्या त्या उंच उंच इमारतींना पाणी सुटायचं ते हिरामण तांडेलच्या हातानं. रस्त्याकडेचं झाकण उचलायचं, खाली वाकून लांब लोखंडी चावी फिरवायची, या लाइनला पाऊण तास, त्या लाइनला अर्धा तास. ठेकेदाराकडं बावीस वर्षं तो हेच काम करत होता. करावे गावात त्याला हिरामण कमी आणि चावीवाला जास्त म्हणत. बाप खाडीत जाळं टाकायचा, आजा मिठागरावर होता. हिरामणही सुट्टीच्या दिवशी भरती-ओहोटी बघून होडी काढायचा आणि चार चिंबोऱ्या घेऊन यायचा.

गावात त्याचं दोन मजली घर होतं. वर भाडेकरू, खाली तो, बायको पुतळा, मुलगी उन्नती आणि सासू राहीबाई. राहीबाईला मुलगा नव्हता. थोरली मुलगी गोजरा तळवलीला दिलेली, धाकटी ही पुतळा. म्हातारी एकटी पडली तेव्हा हिरामणच तिचं गाठोडं उचलून घेऊन आला होता. बायकोला जपणारा आणि सासूला आईसारखी सांभाळणारा म्हणून गावात त्याचं नाव होतं. आपल्याबद्दल असं बोललेलं कानावर आलं की तो ओशाळायचा. पण तेव्हाचं ते ओशाळणं साधं होतं.

पुतळा धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून वरातीपर्यंतची गाणी म्हणणारी बाई. बोनकोड्यापासून उरणपर्यंत तिला बोलावणी यायची. रात्रभर गायली तरी सकाळी तिचा आवाज कोरा करकरीत. बेचाळिसाव्या वर्षी तिच्या पायांवर सूज आली, तोंड फुगलं, आणि तपासण्यांमध्ये दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं. हे साल दोन हजार वीस. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. नेरूळला एका ट्रस्टचं सेंटर होतं, तिथं तिला दुपारची वेळ मिळाली. साडेअकराला मशीनवर घ्यायचे ते साडेतीनला सोडायचे.

तिला दिवसाला अर्धा लिटरच्या वर पाणी चालत नव्हतं. भाजी उकळून तिचं पाणी फेकायचं, मीठ नावापुरतं, सुकी मासळी बंद. उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायची आणि तो विरघळू नये म्हणून बोलायची नाही. पहाटे हजारो घरांना पाणी सोडून हिरामण घरी यायचा, आंघोळ उरकून तिला स्कूटरवर बसवायचा आणि सेंटरला न्यायचा. दोन वर्षांत त्याची एकही खेप चुकली नाही. हे खरंच होतं, आणि खरं होतं म्हणूनच पुढं त्याला ते कुणाच्या तोंडून ऐकवेना.

सेंटरच्या बाहेर एक लांबट हॉल होता. आत माणसं मशीनवर, बाहेर त्यांची माणसं खुर्च्यांवर. कोणी मोबाइल बघतंय, कोणी झोपतंय. वैशाली जाधव मात्र शिवत बसायची. ब्लाउजांना हूक लावणं, काजं करणं, साडीला फॉल. ती कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत राहायची; मूळची साताऱ्याकडची. नवरा धनाजी वाशीच्या मार्केटात गोणी उचलणारा माथाडी, एके काळी शंभर किलो पाठीवर घेणारा, आता कमरेला आधार देऊन खुर्चीतून उठवावा लागणारा. त्यालाही हेच दिवस, हीच वेळ. आत त्याचा आणि पुतळाचा बेड शेजारी शेजारी.

ओळख पुतळामुळं झाली. पुतळानं आत मशीनवर असताना धनाजीला एकदा गाणं म्हणून दाखवलं होतं, दमत दमत, आणि धनाजीनं बाहेर आल्यावर वैशालीला सांगितलं. मग डबे एकत्र उघडले जाऊ लागले. वैशालीच्या ज्वारीच्या भाकरी, हिरामणच्या तांदळाच्या. ती त्याला हिरामणभाऊ म्हणायची. बोलणं सगळं आजाराचंच. कोणाचं वजन किती वाढलं, कोणाच्या हाताची नस सुजली, खाज कशानं कमी होते. हळूहळू त्यात इतर गोष्टी आल्या. वैशालीला तिच्या गावची विहीर आठवायची. हिरामण तिला खाडीतल्या गोष्टी सांगायचा, आणि आपल्याला इतकं बोलता येतं याचंच त्याला नवल वाटायचं. घरी पुतळाशी तो बोलायचा ते औषधांच्या वेळांचं. तिला बोलायची ताकदही नसायची.

असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका सोमवारी पहाटे चावी फिरवताना हिरामणच्या लक्षात आलं की आपण उद्याची वाट बघतोय. उद्या मंगळवार. उद्या पुतळाच्या हातात दोन जाड सुया टोचणार, चार तास तिचं रक्त नळ्यांतून फिरणार, संध्याकाळी ती चोळामोळा होऊन घरी येणार, आणि आपण त्या दिवसाची वाट बघतोय. तो तसाच झाकणापाशी बसून राहिला. त्या दिवशी एका सोसायटीला पाणी वीस मिनिटं जास्त गेलं.

पण म्हणून तो मंगळवारी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, असं काही झालं नाही. नेहमीच्या खुर्चीवरच बसला. आणि पुढं कधीतरी वैशालीच्या बोलण्यातून 'भाऊ' गळालं. ती त्याला तांडेल म्हणायला लागली. दोघांनीही ते ऐकलं.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीतला तो गुरुवार. बोलता बोलता वैशाली म्हणाली की चौदा वर्षं नवी मुंबईत राहते, पण ते गुलाबी पक्षी तिनं फक्त फोनमध्येच पाहिलेत. हिरामण म्हणाला, दहा मिनिटांवर आहेत, चला दाखवतो. दोघांचे पेशंट मशीनवर छान झोपलेले होते. अजून दीड तास होता. इतकं सोपं होतं ते. तो स्कूटर काढायला निघाला तेव्हा त्याचा फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी खुर्चीवर. वैशालीचा फोन धनाजीच्या उशाशी, गाण्यांसाठी दिलेला.

करावे गावामागच्या बांधावर ते उभे राहिले. ओहोटी होती. चिखलावर फ्लेमिंगो पसरलेले, हजारभर तरी असतील, माना खाली घालून चरत होते. वैशाली डोळ्यांवर हात धरून बघत होती. मग एक थवा उठला, पंखांच्या आतला लाल रंग दिसला आणि ती मोठ्यानं हसली. तिला तसं हसताना हिरामणनं पाहिलंच नव्हतं. तोही हसला. एवढंच. हाताला हात लागला नाही, की बोलू नये असा शब्द कोणी बोललं नाही. पण त्या चाळीस मिनिटांत तिकडं आपली बायको मशीनवर आहे हे हिरामण विसरला होता, अगदी साफ विसरला होता, आणि विसरण्यात त्याला सुख वाटलं होतं.

परत आले तर हॉलमधली माणसं उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. पुतळाचं बीपी एकदम खाली आलं होतं. पायांत गोळे, डोळे वर. सिस्टरनं तांडेल म्हणून तीनदा हाक मारली होती. डॉक्टर धावत आले, सलाइन दिलं, मशीन थांबवलं. आता बरी होती. हिरामणला बघून सिस्टर बाजूला झाली.

पुतळा पडूनच होती. ओठ पांढरे. तिनं मान वळवली.

"कुठं गेला व्हतास?"

"तुझी गोली आनाला," हिरामण म्हणाला.

"आनलीस?"

"नाय. मेडिकल बंद व्हता."

ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली, मग डोळे मिटले. शेजारच्या बेडवर धनाजी जागा होता. त्याच्या उशाशी वैशालीचा फोन होता आणि दारात वैशाली उभी होती, पायांना खाडीचा चिखल लागलेला. धनाजीनं हिरामणकडं पाहिलं आणि छताकडं नजर लावली.

त्या दिवसापासून हिरामण हॉलमध्ये जिन्याजवळच्या खुर्चीवर बसायला लागला. वैशालीनंही कारण विचारलं नाही. एप्रिलमध्ये धनाजीला इन्फेक्शन झालं आणि पाच दिवसांत तो गेला. बातमी पुतळालाच आधी कळली. तिनं हिरामणला सांगितलं की जाऊन ये, त्या बाईला भेटून ये, तुझी तिची वळख हाय. हिरामण काहीतरी पुटपुटला आणि गेला नाही. पुतळानं दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही. जूनमध्ये एका पहाटे तो पाणी सोडायला गेलेला असताना ती झोपेतच गेली. राहीबाई उठवायला गेली तर अंग गार.

दिवसकार्याला माणसं लोटली. गोजरा सगळ्यांना सांगत होती की माझ्या बहिणीला नवरा मिळाला तसा कोणाला मिळणार नाही. दोन वर्षं लेकरासारखं नेलं-आणलं. धवलारिणी आल्या होत्या, त्याही तेच म्हणाल्या. हिरामण भिंतीला टेकून बसला होता. कोणी पाणी दिलं, ते त्यानं तसंच बाजूला ठेवलं. लोकांना वाटलं, दुःखानं.

पुढची दोन वर्षं त्यानं स्वतःला कामात गाडून घेतलं. होडी गावच्या एकाला देऊन टाकली. बांधाच्या बाजूला तो जाईना; कामावर जायला लांबचा रस्ता धरायचा. उन्नतीचं लग्न झालं, ती पनवेलला गेली. घरात तो आणि राहीबाई. म्हातारी ऐंशीला टेकली होती, तरी भाकरी तीच थापायची. संध्याकाळी जावई-सासू टीव्हीसमोर बसायचे. लेकीच्या आठवणी काढताना राहीबाई म्हणायची की तू होतास म्हणून ती दोन वर्षं तरी जगली. हिरामण उठून आत जायचा.

दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये ठेकेदारानं त्याला कोपरखैरण्याच्या लाइनवर टाकलं. माथाडी वसाहतीतून तक्रार आली होती, वरच्या मजल्यांना पाणी चढत नव्हतं. तो बघायला गेला. टाकीपाशी वसाहतीतल्या बायका जमल्या होत्या आणि वही घेऊन पुढं उभी होती ती वैशाली. तिचे केस बरेच पिकले होते. तिनं त्याला ओळखलं, त्यानं तिला. तिनं वहीतलं वाचून कोणत्या मजल्याला किती वाजता पाणी बंद होतं ते नीट सांगितलं. त्यानं लाइन तपासली. एक व्हॉल्व्ह अर्धवट अडकलेला होता, तो मोकळा केला. निघताना तिनं चहाला बोलावलं. तो नको म्हणाला. आणि दुसऱ्या आठवड्यात प्रेशर नीट आहे ना हे बघायला पुन्हा गेला, जे बघायची काही गरज नव्हती.

मग चहा झाला. मग दर आठवड्याला होऊ लागला. तिचा मुलगा वरद पुण्याला शिकायला होता; घरात शिलाई मशीन आणि ती. दोघं गॅलरीत बसायचे. सगळं बोलायचे, फक्त सेंटरचं नाव काढायचे नाहीत. घरी जाताना हिरामणचं मन हलकं असायचं, आणि करावे गावाची कमान दिसली की जड व्हायचं. राहीबाईला तो सांगायचा की काम वाढलंय. म्हणजे पुन्हा खोटं.

डिसेंबरात एके दिवशी वैशालीनं स्वतःहून विषय काढला. शिवण बाजूला ठेवली आणि सरळ म्हणाली, "आवो, मला तुमच्यासंगं राहायचंय. वरदला मी सांगितलंय. त्याला चालतंय. तुमचं काय ते सांगा."

हिरामणनं कप खाली ठेवला. मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. तो गुरुवार, तो बांध, ती हाक, ती गोळी. आपण बायको मशीनवर असताना दुसऱ्या बाईत जीव गुंतवला, आणि आता ती मेली तर तिच्या जागी त्याच बाईला आणायची? हे लग्न नाही, हे त्या दिवशीचंच पुढं चालवणं आहे, असं तो म्हणाला.

वैशालीनं ऐकून घेतलं. मग तिनं जे सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर धनाजीनं तिला विचारलं होतं, कुठं गेली होतीस. तिनं खरं सांगितलं. तांडेलांच्या स्कूटरवरून पक्षी बघायला गेले होते. आणि मला बरं वाटलं, हेही सांगितलं. धनाजी रात्री जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं, कसे दिसतात गं ते? तिनं सांगितलं. मग तो म्हणाला, मी पण न्यायला पाहिजे होतं तुला कधीतरी. मी मार्केट सोडून कुठं नेलंच नाही.

"माझा नवरा पण आतच होता," वैशाली म्हणाली. "मला पण रोज आठवतंय. पण मी त्याला सांगितलं होतं. तुमी नाही सांगितलं. तुमचं ते राहिलंय."

हिरामण त्या दिवशी उठून निघाला. पण तिचं बोलणं खरं होतं हे त्याला जिना उतरतानाच कळलं. पक्षी बघायला गेलो हे एक. त्याहून मोठं म्हणजे, मरणाच्या दारातून परतलेल्या बायकोनं एक साधी गोष्ट विचारली आणि आपण तिला मेडिकल बंद आहे म्हणून सांगितलं. आता ते कोणाला सांगायचं?

पुढच्या रविवारी उन्नती माहेरी आली होती. जेवणं झाल्यावर त्यानं तिला आणि राहीबाईला बसवलं आणि सांगितलं. वैशालीशी लग्न करायचं मनात आहे, इथपासून सुरू केलं. राहीबाई मान हलवत ऐकत होती. कदाचित तिला तेवढं चाललंही असतं. मग तो मागं गेला. मंगळवारची वाट बघणं, बांध, हाक, गोळी. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना त्याला वाटत होतं की आता छातीवरचं उतरेल.

उन्नती पांढरीफटक पडली होती. ती म्हणाली, "पप्पा, कुठलं मेडिकल? सेंटरच्या खालचं?"

तो हो म्हणाला.

"आईनं मला विचारलं होतं. त्याच आठवड्यात. म्हणाली, खालचं मेडिकल दुपारी बंद असतं का गं? मी म्हटलं, नाही, ते चोवीस तास उघडं असतं. ती बरं म्हणाली. मला वाटलं, असंच विचारतेय."

 म्हणजे पुतळाला ठाऊक होतं. चार महिने. त्याच्या मागं स्कूटरवर बसून, त्याच्या खांद्याला धरून ती सेंटरला जात राहिली, त्याच्या हातून बर्फाचा खडा घेत राहिली, आणि तिनं पुन्हा एकदाही विचारलं नाही. धनाजी गेला तेव्हा त्या बाईला भेटून ये, असं तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं, ते काय मनात धरून सांगितलं? रागानं? की वाट मोकळी करून देत होती? की याच्या तोंडून आता तरी खरं निघतंय का ते बघत होती? हिरामणला यातलं काहीच कळायचा मार्ग उरला नव्हता. सांगून मोकळं व्हायला बसलेला माणूस होता त्याहून खोल गेला.

उन्नतीनं पर्स उचलली आणि निघाली. दारात थांबून म्हणाली, "लग्न करा नाहीतर नका करू. मला काही बोलायचं नाही." तिचा आवाज आईसारखाच होता, भरदार.

राहीबाई जागची उठली नाही. तिथूनच म्हणाली, "मना कशाला सांगितलंस? मी काय करू त्याचा आता? तिला सांगाचा व्हता." दुसऱ्या दिवशी तिनं गोजराला फोन लावायला सांगितला आणि तळवलीला निघून गेली. हिरामणनंच तिला सोडलं. उतरल्यावर गाठोडं तिनं स्वतःच उचललं.

गोजरानं गावभर केलं. ज्यांनी त्याला देवमाणूस म्हटलं होतं त्यांच्याच घरात आता तो आधीपासूनच तसला होता असं बोलणं सुरू झालं. नवल म्हणजे, त्याचा हिरामणला त्रास झाला नाही. उलट नाव मोठं होतं तेव्हाच त्याला जास्त लाज वाटायची. त्रास झाला तो रिकाम्या घराचा. तो स्वतः भात टाकायचा, पुतळाच्या फोटोसमोर बसून खायचा. एकदोनदा त्यानं फोटोशी बोलायचा प्रयत्न केला. मेडिकल उघडं होतं, असं मोठ्यानं म्हणून बघितलं. त्याचं त्यालाच ते वेडगळ वाटलं. पुन्हा केलं नाही.

दोन महिने तो वैशालीकडं गेला नाही. मग एकदा गेला आणि पुतळाला माहीत होतं हे तिला सांगितलं. वैशाली रडली. पुतळानं धनाजीला गाणं म्हणून दाखवलं होतं त्याची तिला आठवण आली. शेवटी तिनं विचारलं, "मग आता काय करायचं?"

"माहीत नाय," हिरामण म्हणाला. "पन इथं यावंसं वाटतं. तेव्हापन वाटायचं, आतापन वाटतं. हे खोटं नाय."

तिनं त्याला ताटात भाकरी वाढली.

तळवलीला राहीबाईचं मन लागेना. गोजराच्या घरात सुना, नातवंडं, सगळं भरलेलं. म्हातारीला स्वतःचा कोपरा नव्हता. होळीच्या आधी ती रिक्षा करून एकटीच परत आली. गाठोडं जागेवर ठेवलं, चूल... म्हणजे गॅस पेटवला, भाकरी थापल्या. जेवण झाल्यावर हिरामणला म्हणाली की आता माझं ऐक. हे घर माझ्या पोरीचं आहे. ती बाई आली तरी ते पोरीचंच राहणार. फोटो हलणार नाही. पित्रं मी सांगेन तशी व्हायची. आणि मी इथून कुठं जाणार नाही, मला इथून खांद्यावरच न्यायचं. हिरामण सगळ्याला हो म्हणाला. मग तिनं विचारलं, "तिला मासली साफ कराला येते काय?"

"नाय."

"मग काय उपेगाची," म्हातारी म्हणाली आणि पाठ फिरवून झोपली.

एप्रिलमध्ये ठाण्याला रजिस्टर लग्न झालं. वरद आला होता, त्यानं सही केली. हिरामणकडून पाणीखात्यातले दोघं. उन्नती आली नाही. हार घालताना हिरामणनं मान इतकी खाली घातली होती की वैशालीला हळूच म्हणावं लागलं, "वर बघा की वो." फोटोत त्याचा चेहरा दवाखान्यात आलेल्या माणसासारखा आला आहे.

तो सुखी झाला का, असं कोणी विचारलं तर त्याला हो म्हणावं लागेल, आणि तेच त्याला अवघड जातं. संध्याकाळी घरी आलं की शिलाई मशीनचा आवाज येतो. वैशाली दिवसभराचं सांगते, तो ऐकतो, हसतो. हसता हसता मध्येच गप्प होतो. तिला ते कळतं. ती समजूत घालायला जात नाही. दोरा तोडते, दुसरा ओवते. राहीबाई तिला नावानं हाक मारत नाही, ए बाय म्हणते. खाडीच्या चिखलातली बुळबुळीत मासळी, निवट्या, राखेत घोळून कशा साफ करायच्या ते तिनं वैशालीला तीनदा शिकवलं. तिसऱ्यांदा वैशालीला मळमळलं नाही.

दिवाळीनंतर उन्नती आली. घरात शिरली ती सरळ आजीजवळ जाऊन बसली. वैशालीनं पाणी दिलं, तिनं घेतलं. तुम्ही म्हणून बोलली, कसं आहे, बरं आहे. मग स्वयंपाकघरात गेली आणि बिडाचा तवा गॅसवर बघून थबकली. पुतळा त्याच तव्यावर भाकऱ्या भाजायची.

"हा आईचा आहे," ती म्हणाली. "हा तुम्ही वापरू नका. मी नेते."

वैशालीनं तवा उतरवला, गार होऊ दिला, पुसून वर्तमानपत्रात गुंडाळला. बिडाचा तवा तो, जड. हिरामणनं तो काखेत धरला आणि उन्नतीबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत गेला.  रिक्षात तवा तिच्या पायांशी ठेवला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात येईन. आजीला भेटायला."

"ये," तो म्हणाला.

रिक्षा वळून पाम बीच रोडला लागेपर्यंत तो उभा राहिला. घरी आला तर वैशालीनं पत्र्याचा नवा तवा काढला होता. पहिली भाकरी चिकटली, दुसरी फाटली. राहीबाई ताट घेऊन बसली होती. तिनं फाटलेलीच ओढून घेतली, कोलंबीच्या कालवणात बुडवली आणि हिरामणला खूण केली की उभा काय राहिलास, बस.

तो बसला.